वारुळाची शिबंदी

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी, घरामागील कलमांच्या पलीकडे जांभ्याचा जो उतार ओढ्याकडे जातो त्याच्या मध्यावर, माझ्या आजोबांच्या हयातीपासून उभे असलेले एक वारूळ आहे. गेल्या आश्विनात, पाऊस ओसरून गवत पिवळे पडू लागले असता, एके सकाळी त्याच्या पायथ्याशी वीत-दीड वीत रुंदीचे ताजे भगदाड पडलेले मला दिसले. भोवती नखांनी उकरलेल्या मातीचा ढीग होता, आणि त्या मातीतून ओढ्याच्या दिशेने, कोणी ओला दोर फरफटत न्यावा तशी, जड शेपटीची एक पुसट रेघ गेली होती. रात्री खवले मांजर येऊन गेले होते. ते काही माझ्या दृष्टीस पडले नाही. गावात जन्म काढलेल्या माणसांनाही ते आयुष्यात दोन-चार वेळाच दिसते. त्याने मागे ठेवलेला मामला मात्र मी चांगला तासभर उकिडवा बसून न्याहाळला.

भगदाडाच्या कडेकडेने, डोके बाहेर आणि धड आत अशा बेताने, वाळवीचे सैनिक ओळीने उभे होते: तांबूस-पिवळे, डोक्याने थोराड, कोयत्यासारखे वाकलेले जबडे उघडे धरलेले, आणि जन्मांध. त्यांच्या मागून पांढुरकी कामकरी वाळवी ये-जा करीत होती. प्रत्येकीच्या तोंडात राईच्या दाण्याहून लहान अशी ओल्या मातीची गोळी, ती कडेला ठेवायची, जबड्याने दाबायची आणि मागे फिरायचे. मी गवताची काडी पुढे केली तेव्हा एका सैनिकाने ती धरली ती धरलीच. काडी उचलली तसा तोही तिच्याबरोबर लोंबकळत वर आला, आणि त्याच्या तोंडाशी तपकिरी रसाचा एक थेंब जमला. कान मातीच्या अगदी जवळ नेला तर आतून, वाळलेल्या पानांवर पावसाची पहिली सर यावी तशी सळसळ ऐकू येई, क्षणभर थांबे, पुन्हा येई.

माझे चुलते, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, काठी टेकीत मागे येऊन उभे राहिले होते. "खवल्या राखून खातो रे," ते म्हणाले. "सगळं एकदम संपवलंन् तर पुढच्या वर्षी काय खाईल?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते इतके गोड आहे की खोटे म्हणावयास जीव धजत नाही. तथापि ते खोटे आहे असे माझे मत झाले आहे, आणि तेच मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच. खवले मांजर राखून खात नाही. त्याला राखून खावे लागते. त्याच्या अंगी जी काटकसर आपणांस दिसते ती त्याच्या दूरदृष्टीची कमाई नसून, ज्याला ते खाते त्याने कोट्यवधी वर्षांच्या झुंजीत त्याच्यावर बसविलेली सक्ती आहे.

चौथाईचा व्यवहार मराठी वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही. मुलूखगिरीवर निघालेली फौज एकेका गढीपुढे वर्षानुवर्षे तळ देऊन बसत नसे. पदरात पडेल तो वसूल घेऊन ती पुढच्या परगण्याकडे वळे, आणि या वळण्यात तिच्या दयाबुद्धीपेक्षा किल्ल्यातील शिबंदी किती तयारीची आहे, वेढा किती दिवस चालवावा लागेल आणि पावसाळा किती दूर आहे, याचा हिशेब अधिक असे. मुंग्या आणि वाळवी यांवर उदरनिर्वाह करणाऱ्या सस्तन प्राण्यांचा जगभरचा व्यवहार याच जातीचा आहे. दक्षिण अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील थोरला मुंगीखाऊ पाहा. त्याची जीभ जवळजवळ दोन फूट लांब, आणि खाताना ती मिनिटाला सुमारे १५० वेळा आतबाहेर होते. दिवसाकाठी ३०,००० पर्यंत किडे तो गट्ट करतो असे सांगतात. एवढे सामर्थ्य असलेल्या प्राण्याने एका वारुळापाशी ठाण मांडून ते रिकामे करावे, अशी आपली अपेक्षा होईल. प्रत्यक्षात तो एका ठिकाणी बहुधा मिनिटभर, फार तर थोडा अधिक वेळ थांबतो, आणि सैनिकांची गर्दी होऊन नाकातोंडाला डसू लागली की मान झटकून दुसऱ्या वारुळाकडे चालू लागतो. त्याचा सारा दिवस असा दारोदार हिंडण्यात जातो.

त्याचाच लहान भाऊबंद तमांडुआ. पनामातील बारो कोलोराडो बेटावर आणि व्हेनेझुएलात त्याचा अभ्यास करून लुबिन आणि मॉन्टगोमेरी या संशोधकांनी १९८१ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच मुळी वाळवीचा या प्राण्यापासून होणारा बचाव हा होता. तेथील नासुटीटर्मिस नावाच्या वाळवीच्या सैनिकांचे जबडे जवळजवळ नाहीसे झालेले असून त्यांच्या जागी डोक्याला पिचकारीच्या तोटीसारखे टोक आले आहे, आणि त्यातून टर्पेंटाइनच्या वासाचा चिकट द्रव ते शत्रूवर फेकतात. तमांडुआ नखाने घरटे फोडतो, आत जीभ घालतो, कामकऱ्यांचा घास घेतो. परंतु कामकरी मागे हटून सैनिक पुढे आले की प्रत्येक घासात अन्न कमी आणि टर्पेंटाइन जास्त येऊ लागते. हा प्राणी त्या वेळी माघार घेतो. घरटे शाबूत राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सैनिकाला स्वतःचे अन्नसुद्धा स्वतः खाता येत नाही. कामकरी त्याला भरवितात. म्हणजे प्रत्येक सैनिक हे वसाहतीच्या कोठारावर बसलेले एक बांडगूळ आहे, आणि तरीही नासुटीटर्मिससारख्या जातींत सैनिकांचे प्रमाण इतर वाळवीपेक्षा कितीतरी जास्त आढळते. कोणत्याही संस्थानाने एवढी खडी फौज उगाच पोसलेली इतिहासात ऐकिवात नाही.

दक्षिण आफ्रिकेतील आर्डवुल्फ या प्राण्याची हकीकत तर मला सर्वांत बोलकी वाटते. हा तरसाच्या कुळातला. आडनाव कसायाचे आणि धंदा कारकुनाचा अशी त्याची अवस्था आहे, कारण तरसाचे हाड फोडणारे दात त्याने केव्हाच टाकून दिले आहेत आणि त्यांच्या जागी हिरड्यांत खुंट्यांसारखे चार दाणे तेवढे उरले आहेत. एका रात्रीत तो ३ लाखांपर्यंत वाळवी चाटून खातो, आणि तीही मुख्यतः ट्रायनर्व्हिटर्मिस या एका गणाची, जिचे सैनिक वर सांगितल्याप्रमाणेच टर्पेंटाइन फेकतात. इतर सस्तन प्राणी ज्या वासाने तोंड फिरवितात तो त्याने पचविला आहे. परंतु म्हणून तो वारूळ फोडीत नाही. रात्री गवत कापण्यासाठी बाहेर आलेल्या वाळवीच्या टोळ्या तो जमिनीवर गाठतो. पहिल्या काही क्षणांत कामकरी हाती लागतात, ते पळाले की मागे सैनिकांची भरती उरते, आणि पचनाचा एवढा अभ्यास असूनही तो पुढच्या टोळीच्या शोधात निघून जातो. हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीने ही वाळवी बाहेर येईनाशी झाली की त्याची उपासमार होते आणि वजन झपाट्याने घटते. पायाखाली वारुळे भरलेली असतात, आणि तरीही. वाळवीने त्याला हरविलेले नाही, त्यानेही वाळवीला हरविलेले नाही. दोघांनी मिळून एक वेळापत्रक ठरविले आहे, आणि त्या वेळापत्रकाबाहेर दोघांपैकी कोणालाच जाता येत नाही.

वेळ हाच या संरक्षणाचा गाभा आहे, असे मला वाटते. भिंत किती जाड, जबडा किती तीक्ष्ण, हे प्रश्न आपण विचारतो ते किल्ल्यांच्या संगतीत वाढल्यामुळे. वाळवीच्या लाखो पट वजनाच्या प्राण्याला भिंत अडवू शकत नाही, आणि जबडा ठार मारू शकत नाही; वाळवीच्या हाती एवढेच राहते की शत्रू आत शिरल्यापासून त्याला घास कडू लागेपर्यंतचा अवधी शक्य तितका कमी करावयाचा. यासाठी पहिली गरज खबर पोचण्याची. लिनिअसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग याने तामिळ मुलुखातील तरंगमबाडी येथे राहून, हिंदुस्थानातील वाळवीचा पहिला शास्त्रीय वृत्तांत १७७९ साली जर्मनीत प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी हेन्री स्मीदमन याने आफ्रिकेतील वारुळांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले, आणि त्यात, भगदाड पडताच सैनिक डोकी आपटून आवाज करतात व कामकरी त्याला फुत्काराने उत्तर देतात, हे नमूद केले. ही सळसळ म्हणजे काय, हे मात्र नीट उलगडावयास २०१३ साल उजाडावे लागले. हागर आणि किर्शनर यांनी आफ्रिकेतील मॅक्रोटर्मिस आणि ओडोंटोटर्मिस या वाळवींवर प्रयोग करून दाखविले की सैनिक सेकंदाला सुमारे ११ ठोके या गतीने डोके जमिनीवर आपटतो, त्या कंपनाने जागा झालेला दुसरा सैनिक तेच ठोके पुढे चालवितो, तिसरा त्याच्यापुढे, आणि अशा डाकेने ती वर्दी भुयारांतून दूरवर पोचते; ती ऐकून कामकरी आत पळतात आणि सैनिक धोक्याच्या दिशेने धावतात. आमच्या उतारावरचे वारूळही, सैनिकांच्या ठेवणीवरून पाहता, ओडोंटोटर्मिस गणातीलच असावे. कान लावून मी ऐकत होतो ती जासुदांची डाक होती.

आता यावर जाणकार वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो खोडसाळ नाही. वाळवीचा सनातन शत्रू मुंगी. तिच्याशी वैर डायनोसॉरांच्या काळापासूनचे, आणि मुंगीखाऊ सस्तन हे त्या मानाने काल-परवाचे. मग वाळवीचे हे सारे सैन्य मुंगीसाठीच उभे राहिले, आणि अस्वल-खवल्यांनी त्याचा अनुभव आयता घेतला, असे का म्हणू नये? कोयत्यासारख्या जबड्यापुरते हे मला मान्य आहे. तो मुंगीचे धड तोडण्याच्या मापाचा आहे. पण काल-परवाचा म्हटला तरी सस्तनांचा वेढाही लहान नाही. डायनोसॉरांचा अस्त झाल्यापासूनच्या ६ कोटी ६० लाख वर्षांत केवळ मुंग्या-वाळवीवर जगण्याचा मार्ग सस्तनांनी किमान १२ वेळा, एकमेकांशी संबंध नसताना, शोधून काढला, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे अनुमान आहे. जगातील मुंग्यांच्या शरीरांतील कार्बनच सुमारे १ कोटी २० लाख टन भरतो, आणि तो सर्व रानपक्षी व रानटी सस्तन यांच्या बेरजेहून अधिक आहे, असा २०२२ सालचा हिशेब आहे; एवढा खजिना जमिनीखाली पुरलेला असताना त्याचे मक्तेदार निर्माण झाले नसते तरच नवल.

आणि मुंग्यांच्या बाबतीत पुरावा याहून थेट आहे. ऑस्ट्रेलियातील 'बुल अँट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या मुंगीच्या विषात, सस्तन प्राण्यांच्या शरीरात पेशींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या एका संप्रेरकाची हुबेहूब नक्कल करणारा रेणू असल्याचे क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले. डंखाच्या क्षणी होणारी वेदना हा या रेणूचा पराक्रम नव्हे. तो डंखाची जागा नंतर दीर्घकाळ हळवी करून ठेवतो, एवढी की साधा स्पर्शही ठणका देतो. दुसऱ्या कीटकाला मारण्यासाठी असल्या कारागिरीची काय गरज? ज्याला स्मरण आहे, जो आज डंख खाऊन उद्या पुन्हा त्याच वारुळापाशी येणार आहे, अशाच शत्रूसाठी हे विष घडलेले असणार. आणि ऑस्ट्रेलियात अशा संशयितांच्या यादीत मुंग्या खाणाऱ्या काटेरी एकिडनाचे नाव अग्रभागी येते. कुलपाच्या घडणीवरून चोराची किल्ली ओळखावी, तसा हा प्रकार आहे.

आपल्याकडील दुसरा वतनदार म्हणजे अस्वल. जॉर्ज शॉ या इंग्रज पंडिताने १७९१ साली त्याला अमेरिकेतील संथ, झाडावर लोंबणाऱ्या स्लॉथचा भाईबंद समजून नाव दिले, आणि ती चूक इंग्रजी नावात अद्याप कायम आहे. मेळघाटातील ज्या माणसाने त्याला वारुळावर काम करताना ऐकले असेल त्याला या नावाचे हसू येईल. अस्वल नखांनी वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते, आधी जोराने फुंकर घालून माती उडविते आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. वरचे मधले दोन दात निसर्गाने याच कामासाठी काढून घेतले आहेत. त्या ओढण्याचा घरघराट शंभर पावलांवरून सहज ऐकू येतो. ही तोफखान्याची लढाई आहे, आणि हिच्यापुढे डोकी आपटणाऱ्यांचा निभाव लागणे कठीण. म्हणूनच असेल, राणीचे दालन वारुळाच्या पोटात, कठीण मातीच्या जाड कवचात कोंडलेले असते, आणि त्याला कामकऱ्यांपुरतीच भोके ठेवलेली असतात. शिवाय अस्वल मोहाची फुले, जांभळे, बोरे यांवरही जगते. सारा सारा एका गावावर बसविण्याचे त्याला कारण पडत नाही.

हा सगळा पाल्हाळ मी वर्तमानपत्राच्या स्तंभात का लावला, ते आता सांगितले पाहिजे. वर्षातून चार-दोन वेळा खवले मांजराचे खवले पकडले गेल्याची बातमी आपण वाचतो आणि हळहळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या प्राण्याचे नाव आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत जगातील आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी करण्याचे ठरले. कागद चोख आहेत. परंतु ज्या खवल्यांसाठी हा प्राणी मारला जातो ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले आहेत, आणि त्यांचे काम बिबट्याचे दात बोथट करणे हे आहे. संकट आले की खवले मांजर पळत नाही. डोके पोटात घालून, शेपूट भोवती आवळून, लिंबासारखे वाटोळे होते. बिबट्या त्याला चाटून, उलटेपालटे करून कंटाळतो. माणूस ते उचलून पोत्यात घालतो. ज्या युक्तीने दात हरले तिनेच ते हाताच्या स्वाधीन होते.

वारुळाचेही तसेच. शत्रू आपल्या घशातून पुढे जाईल तेवढेच खाऊ शकतो आणि घास कडू लागला की निघून जातो, या गृहीतावर त्याची सारी शिबंदी उभी आहे. यंत्राच्या फावड्याला घसा नाही, क्लोरपायरिफॉसच्या डब्याला चव नाही. वाळवीशी माझे काही सख्य आहे असे वाचकाने समजू नये. आमच्या घराण्याच्या दोन सनदा आणि मोडी कागदांचे एक अख्खे दप्तर तिने अशा सफाईने खाल्ले की वर बांधलेला रुमाल तेवढा शाबूत राहिला, आणि तो सोडीपर्यंत आम्ही स्वतःस इनामदार समजत होतो. ऊस, गहू, भुईमूग यांवरही तिचा उपद्रव आहे, आणि शेतकऱ्याने उभे पीक तिला वाहावे असे सांगण्याचा अधिकार शहरात पगार घेणाऱ्या कोणालाही नाही. माझे म्हणणे बांधावरच्या, माळावरच्या, देवराईतल्या त्या वारुळांपुरते आहे, ज्यांचा घराला वा पिकाला काडीचा त्रास नसतानाही कोणी तरी हौसेने त्यात औषधाचा डबा रिकामा करतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, फळझाडांची असते, वारुळाची नसते. नागपंचमीला मात्र घरातल्या बायका लाह्या-दूध घेऊन त्याच्याचपाशी जातात, आणि पावसात कोकणात व गोव्यात जी अळंबी चढ्या भावाने विकली जाते ती वाळवीने आपल्या भुयारांत पोसलेल्या बुरशीचेच फळ असते.

खवले मांजराला राखावयाचे तर त्याचा परगणाही राखावा लागेल, हे वनखात्याला शिकविण्याची गरज नसावी. पण गस्त आणि पंचनामे यांखेरीज, गावपातळीवर, जैवविविधतेच्या ज्या नोंदवह्या ग्रामपंचायतींनी ठेवावयाच्या असतात त्यांत जुन्या वारुळांची साधी गणती करण्यास कोणाची हरकत असू नये. एक शाळामास्तर आणि दहा मुले यांना एका रविवारी होणारे हे काम आहे. आमच्या उतारावर मी आणि अण्णांनी मोजली ती सात भरली. त्यांतली दोन मृत, एकात घोरपड.

कार्तिकात परत येण्यापूर्वी मी पुन्हा एकदा तिकडे गेलो. भगदाड बुजून गेले होते. नवी माती जुन्या मातीहून किंचित गडद दिसत होती, एवढीच खूण. अण्णांनी काठीचे टोक तिच्यावर रोवून पाहिले, ते शिरेना. वारुळाच्या दुसऱ्या अंगाला, ओढ्याच्या बाजूस, नखांचे चार ताजे ओरखडे होते, बोटाच्या पेराएवढे खोल, आणि तेथून शेपटीची रेघ वर पाचव्या वारुळाकडे वळली होती. "बघ," अण्णा म्हणाले, "राखून खातो." मी काही बोललो नाही.